चौसष्ट टक्के

सकाळचे सहा वाजले होते. गोंदियाच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली. टेबलफॅनचं तोंड कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याकडे वळवलेलं. पंचविशीतला एक तरुण खुर्चीतच पाय पसरून डोळा लावण्याच्या खटपटीत होता. समोर पडद्यावर एक निळी पट्टी आणि शेजारी आकडा : ६४.

"रात्री दोनले लावलं होतं जी," तो म्हणाला. "आता सहा झाले. पार्टी आठले येते."

पार्टी म्हणजे नवरीचा भाऊ. लग्न अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्ताचं. भाऊ पुण्याला नोकरीवर परतणार होता आणि जाताना त्याला बहिणीच्या लग्नाचा पेनड्राइव्ह सोबत न्यायचा होता. काटछाट, गाणी, नावं, रंग असं सगळं काम आदल्या रात्रीच संपलं होतं. उरलं होतं ते एकच काम : तयार सिनेमाची एक सलग फाइल काढणं. इथं त्याला 'रेंडर मारणं' म्हणतात, कुणी 'एक्स्पोर्टले टाकणं' म्हणतात. त्यात माणसाला करण्यासारखं काही नसतं. बसायचं आणि आकडा पाहायचा.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय कळवला 'प्रतीक्षा'. मला ही पट्टी आठवली. लग्नसराईत जिल्ह्यातल्या गोंदिया, आमगाव, तिरोडा, देवरी या गावांतल्या छोट्या स्टुडिओंत रात्र रात्र अशा पट्ट्या सरकत असतात. त्यांच्यापुढे बसलेल्या पोरांची झोप, डोळे आणि पैसा त्यात जातो. ही वाट खरोखर किती पाहायला हवी, हे समजून घ्यावं म्हणून मी गेलो.

दोन लाख सत्तर हजार चित्रं

या धंद्याला इथं अजून 'मिक्सिंग' म्हणतात. व्हीएचएसच्या काळात दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर जोडून कॅसेट तयार व्हायची, तेव्हापासूनचा हा शब्द. मिक्सर गेला, कॅसेट गेली, शब्द राहिला. आज हे काम एडियस, प्रीमियर किंवा दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरवर चालतं. बालाघाटकडची आणि डोंगरगडकडचीही कामं गोंदियात येतात, त्यामुळे एकाच दिवशी मराठी मंगलाष्टकं, हिंदी बिदाई आणि पोवारी गाणी अशी तीन लग्नं टाइमलाइनवर असू शकतात.

त्या रात्रीचा सिनेमा तीन तासांचा होता. आपल्याकडे व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रांचा धरतात. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद, म्हणजे २,७०,००० चित्रं. रेंडर म्हणजे यातलं एकेक चित्र उघडायचं, त्यावर सांगितलेला रंग चढवायचा, अक्षरं बसवायची, जोडायचं आणि पुन्हा दाबून बांधून ठेवायचं. त्या कॉम्प्युटरकडून सेकंदाला साधारण १२ चित्रं होत होती. भागाकार केला तर सव्वासहा तास होतात. दोनला सुरू झालं तर सहाला ६४ टक्केच होणार. पट्टी कुठं अडकली नव्हती. तिच्यावर जेवढं ओझं टाकलं होतं तेवढं ती चोख ओढत होती.

चित्रामागून चित्र हा हिशेब आपल्या मातीत शंभर वर्षांहून जुना आहे. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून एकेक चित्र घेत 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला, तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरी, अंधारात, हातानं करत असत. चित्र हलतं दिसण्यामागे कुणीतरी बसून वेळ दिलेला असतो, हे तेव्हाही खरं होतं. सरस्वतीबाईंचं एकही भोक मात्र वाया गेलं नसेल. इथल्या सव्वासहा तासांतले किती तास कामाचे आणि किती फुकटचे, हा माझा प्रश्न होता.

सारस उभा आणि फटाके उडाले

फाइल 'दाबणं' म्हणजे काय, हे समजलं की निम्मं कोडं सुटतं. त्यासाठी परसवाडा तलावाच्या काठी पहाटे उभं राहावं. महाराष्ट्रात सारस क्रौंच पाहायचा तर मुख्यतः गोंदियाच्या धानबांध्या गाठाव्या लागतात. समजा सारसाची जोडी पाण्यात निश्चल उभी आहे. आकाश तेच, धान तेच, हलते ती फक्त एक मान. अशा वेळी कॉम्प्युटर पहिलं चित्र पूर्ण साठवतो आणि पुढच्या चित्रांसाठी एवढंच लिहून ठेवतो की बाकी सगळं मागच्यासारखं, मान जरा डावीकडे. २००३ साली आलेली एच.२६४ ही पद्धत आणि २०१३ ची एच.२६५ दोन्ही याच तत्त्वावर चालतात. पूर्ण चित्रं थोडी, बाकी नुसते फरक.

आता वरात आठवा. बँजो वाजतोय, शंभर माणसं नाचतायत, फुलं उडतायत, लडी फुटतेय. दोन सलग चित्रांत सारखं असं काहीच नाही. फरकच एवढे की ते लिहायला जागा पुरत नाही. सेकंदाला किती जागा द्यायची या आकड्याला बिटरेट म्हणतात. तो कमी ठेवला तर मंगलाष्टकांच्या वेळी चेहरे स्वच्छ दिसतात आणि वरातीत त्याच चेहऱ्यांचे चौकोनी ठोकळे होतात. उलट सगळीकडे भरमसाठ ठेवला तर सारसाच्या मानेसाठीही वरातीएवढी जागा जाते. म्हणून 'व्हीबीआर', म्हणजे गरजेप्रमाणे कमीजास्त होणारा बिटरेट, लग्नाच्या सिनेमाला बरा.

हिशेब तोंडपाठ ठेवण्यासारखा आहे. ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट. तीन तासांचा सिनेमा ८ मेगाबिटनं काढला तर १०.८ जीबी होतो, ५० नं काढला तर ६७.५ जीबी. अपलोडचा वेग १० मेगाबिट असेल, तर पहिली फाइल यूट्यूबवर चढायला सुमारे अडीच तास लागतील, दुसरीला पंधरा. आणि यूट्यूब आलेली प्रत्येक फाइल स्वतःच्या पद्धतीनं पुन्हा दाबतंच. साध्या १०८० च्या व्हिडिओसाठी त्यांचाच सल्ला ८ मेगाबिटचा आहे, फोर-केसाठी ३५ ते ४५ चा.

कोंडा, ऊन आणि वीज

गोंदिया हे राइस मिलचं शहर. धान भरडलं की तूस आणि कोंडा हवेत उडतो, आणि हवेत जे उडतं ते पंख्यात जातं. त्या सकाळी फाइल पूर्ण झाली, नवरीचा भाऊ पेनड्राइव्ह घेऊन गेला. मग आम्ही कॉम्प्युटर बंद करून प्रोसेसरवरचा पंखा सोडवला. खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये पिवळसर करड्या धुळीचा जाड थर बसला होता, गोधडीतल्या कापसासारखा. ब्रशनं काढला तर मूठभर निघाला.

प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. लॅपटॉपमध्ये हे लवकर होतं, कारण आत हवेला जागाच नसते. विदर्भात लग्नसराई ऐन एप्रिल-मेची, बाहेर पारा ४५ च्या घरात, वर पत्र्याचं छत. यंत्राला सर्वांत जास्त काम नेमकं तेव्हाच पडतं, जेव्हा त्याला श्वास घेणं अवघड असतं. पंखा साफ करणं, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं, डबा भिंतीपासून वीतभर दूर ठेवणं, कूलरची ओली हवा थेट त्यावर न सोडणं या कामांना नवं मशीन लागत नाही. मोसमाआधी एक दुपार लागते.

दुसरी गोष्ट विजेची. याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. पण वळवाचं वारं सुटलं, फांदी तारेवर पडली, की खेड्यातल्या स्टुडिओत अंधार होतो. मागच्या मोसमातली गोष्ट त्या तरुणानं सांगितली. ९० टक्क्यांवर लाइट गेली, यूपीएसनं दहा मिनिटं तग धरला आणि सगळं बसलं. फाइल डिस्कवर होती, चांगली जाडजूड. पण उघडेना.

याचं कारण एमपी-४ फाइलच्या रचनेत आहे. कोणतं चित्र फाइलमध्ये कुठं आहे याची अनुक्रमणिका साधारणपणे सर्वांत शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधी वीज गेली, तर पानं सगळी असतात, पण वाचणाऱ्याला पान सापडत नाही. यावर उपाय जुना शेतकऱ्याचाच आहे : सगळं धान एका रात्रीत मळायला काढू नये. हळद वेगळी, मंगलाष्टकं वेगळी, वरात वेगळी, पाठवणी वेगळी असे तुकडे काढावेत. वीज गेली तर एक तुकडा जाईल, रात्र जाणार नाही. शिवाय मामाचं नाव लिहिताना चुकलं तर तेवढाच तुकडा पुन्हा काढता येतो, तीन तास नव्हे.

खिडकीतल्या खुणा

मग आम्ही एक्स्पोर्टची खिडकी उघडली आणि एकेक खूण वाचली. बहुतेक खुणा त्यानं कधी तरी एखाद्या व्हिडिओत पाहून लावल्या होत्या आणि नंतर तशाच राहिल्या होत्या.

पहिली खूण आकाराची. चित्रीकरण १०८० चं, फाइल मात्र फोर-के. १०८० च्या चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात, फोर-केच्या चित्रात ८२,९४,४००. बरोबर चौपट. कॅमेऱ्यानं जे टिपलंच नाही ते मोठं केल्यानं उमटत नाही, पण मशीनला चौपट ठिपके भरावे लागतात. "पार्टी फोर-के मागते जी," तो म्हणाला. ते खरं आहे. पण मग चित्रीकरणच फोर-केत करावं आणि त्याचा दर आधी सांगावा.

दुसरी खूण 'मॅक्सिमम रेंडर क्वालिटी'. नाव मोठं आकर्षक. तिचं काम चित्राचा आकार बदलताना कडा चांगल्या राखणं हे आहे. आकार बदलायचा नसेल तर डोळ्याला फरक दिसत नाही.

तिसरी 'टू पास'. यात मशीन सगळा सिनेमा एकदा नुसता वाचतं आणि मग दुसऱ्या फेरीत दाबतं, म्हणून वेळ जवळजवळ दुप्पट. जागा अगदी मोजकी असेल तेव्हा याचा उपयोग होतो. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर ११ जीबीचा सिनेमा द्यायचा असताना होत नाही.

चौथी खूण एन्कोडिंग कुणी करायचं याची. ग्राफिक्स कार्डात आणि इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत व्हिडिओ दाबण्यासाठी वेगळा भाग असतो. इथं 'सॉफ्टवेअर' निवडलेलं होतं, म्हणजे कार्ड विकत घेऊन बाजूला बसवलेलं. 'हार्डवेअर' निवडलं की काम कितीतरी पट वेगानं होतं. तेवढ्याच बिटरेटला चित्र किंचित उणं येतं, म्हणून बिटरेट थोडा वाढवायचा. जागा आहे, वेळ नाही, तेव्हा हा सौदा योग्यच.

पाचवी गोष्ट खिडकीबाहेरची होती. चित्रीकरण एका जुन्या बाहेरच्या डिस्कवर, तीही यूएसबी २.० ची, आणि तयार फाइलही तिच्यावरच जात होती. एकाच दारातून पोती आत आणायची आणि त्याच दारातून बाहेर काढायची, तर हमाल एकमेकांना अडणारच. चित्रीकरण एसएसडीवर घेतलं, फाइल दुसऱ्या डिस्कवर सोडली.

मशीन कुठं अडतं हे ओळखायला वैद्याला नाडी पाहावी लागते तसं टास्क मॅनेजर उघडावं. रेंडर चालू असताना डिस्क शंभर टक्के आणि प्रोसेसर निवांत असेल तर दोष डिस्कचा. प्रोसेसर शंभर आणि ग्राफिक्स कार्ड पाचवर असेल तर बहुधा 'सॉफ्टवेअर' ही खूण तरी लावली आहे, किंवा एखादा इफेक्ट फक्त प्रोसेसरवरच चालणारा आहे. रॅम भरलेली असेल तर ब्राउझर बंद करा. ही नाडी न पाहता नवं कार्ड विकत घेणारे बरेच भेटतात. अडचण डिस्कची असते आणि खर्च कार्डावर होतो.

नव्या कॅमेऱ्यांचं आणखी एक दुखणं आहे. दहा-बिट ४:२:२ रंगाचं एच.२६५ चित्रीकरण ते देतात, रंग सुंदर येतो, पण उघडताना कॉम्प्युटर धापा टाकतो. एनव्हिडियाच्या कार्डांत हे थेट उघडण्याची सोय २०२५ च्या ५० मालिकेपासून आली, इंटेलच्या प्रोसेसरांत ती ११ व्या पिढीपासून आहे. ज्यांच्याकडे हे नाही त्यांनी प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, करून काटछाट करावी. मात्र प्रॉक्सीनं एडिटिंग सुसाट होतं, शेवटचं रेंडर नाही. ते मूळ चित्रावरूनच होतं.

सगळं बदलून झाल्यावर त्याच सिनेमाचा दहा मिनिटांचा तुकडा पुन्हा काढला. आधीच्या वेगानं त्याला एकवीस मिनिटं लागली असती. सहा मिनिटांच्या आत झाला. मोठ्या टीव्हीवर दोन्ही तुकडे पाहिले. त्याच्या आईलाही बोलावलं. कोणता कोणता ते तिला सांगता आलं नाही. आम्हालाही नाही.

रात्रभराचं नाटक

लग्नसराई संपली की दिवाळीनंतर दुसरा मोसम येतो, मंडईचा. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक. गोंदिया–बल्लारशा लाइननं अर्जुनी मोरगाव ओलांडून वडशाला गेलं की या रंगभूमीचं माहेर लागतं. २०२३ साली झाडीपट्टीतले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. आता गावातल्या पोरांना आपलं नाटक यूट्यूबवर हवं असतं, आणि ते काम याच स्टुडिओंकडे येतं.

रात्री उशिरा सुरू होणारं नाटक पहाटेपर्यंत चालतं. पाच तास धरले तर साडेचार लाख चित्रं. त्यात फोटोच्या कॅमेऱ्यांची जुनी खोड अशी की अर्ध्या तासाला चित्रीकरण आपोआप थांबतं. युरोपीय संघात याहून जास्त सलग चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांवर जादा आयातशुल्क लागायचं, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली, आणि तिचा फटका झाडीपट्टीतल्या नाटकाच्या ऐन प्रवेशाला बसला. नव्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ती आता उरलेली नाही. घेताना तेवढं विचारून घ्यावं.

खरा प्रश्न अंधाराचा. कमी उजेडात कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली की चित्रावर बारीक दाणे नाचू लागतात. डोळ्याला ते फारसे खुपत नाहीत, पण दाबणाऱ्या सॉफ्टवेअरची गत वाईट होते. दाणा प्रत्येक चित्रात नव्या जागी असल्यानं पडदा, खांब, भिंत असं सगळंच त्याला हलतं वाटतं. सारस उभा असतो आणि सॉफ्टवेअरला वरात दिसते. जागा दाण्यांवर खर्च होते, नटाचा चेहरा उपाशी राहतो.

हे दाणे काढणारे इफेक्ट प्रत्येक चित्र मागच्यापुढच्या चित्रांशी ताडून पाहतात, म्हणून ते सर्वांत जड. पाच तासांच्या नाटकावर एकदम चढवला तर रेंडर दिवसाच्या पुढे जाऊ शकतं. अर्जुनीकडच्या एका जाणत्या शूटिंगवाल्यानं सांगितलेली रीत मला पटली. तो नाटकाआधी मंडपात जाऊन आयोजकांकडून समोरचे दोन दिवे वाढवून घेतो, मोठ्या छिद्राची लेन्स लावतो आणि इफेक्ट फक्त अंधाऱ्या प्रवेशांनाच लावतो. "दिव्याले शंभर रुपये लागतात, रेंडरले रात्र लागते," तो म्हणाला.

पेनड्राइव्ह घरी पोचतो तेव्हा

नवरीचा भाऊ पेनड्राइव्ह घेऊन गेला, पण तो कुठं लावणार हे कुणी त्याला विचारलं नव्हतं. मला हा प्रश्न सगळ्याच्या मुळाशी वाटतो. घरी जुना टीव्ही असेल तर त्याला एच.२६५ कदाचित उघडणार नाही. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल बसतच नाही. ८ मेगाबिटनं सत्तरेक मिनिटांत ती मर्यादा येते. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो पुन्हा दाबला जाऊन ओळखीपलीकडे जातो, तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर २ जीबीपर्यंत जसाच्या तसा जातो.

म्हणजे एक्स्पोर्टचं ठरवायचं ते काम संपल्यावर, रात्री दोनला, डोळ्यावर झोप असताना नव्हे. ते ऑर्डर घेतानाच ठरवायचं. घरचा टीव्ही कोणता, पाहणारं कोण, यूट्यूबवर टाकायचं का, एवढं वहीत लिहून घेतलं की खिडकीतल्या खुणा आपोआप ठरतात. पाहणाऱ्याच्या घरापासून मागं मोजत आलं, की मशीनला फुकटचं काम सांगितलं जात नाही.

त्या खोलीच्या कोपऱ्यात एका खोक्यात जुन्या कॅसेटी पडल्या होत्या. लोक आता त्या घेऊन येतात, आजोबा फक्त त्यात उरलेत म्हणून. त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला कोणताही वेग वाढवता येत नाही. तासाची कॅसेट तासभर चालवावीच लागते. ती वाट रास्त आहे. तिथं तो तरुण शांत बसून पाहतो, कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी हसरी आजी. वाया जाते ती वाट वेगळी, न समजता लावलेल्या खुणांची.

वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. घरात लग्न असेल तर शूटिंगवाल्याला तारखेसोबत आपला टीव्हीही सांगा. 'फोर-केच पाहिजे' म्हणण्याआधी त्याचं चित्रीकरण फोर-केत आहे का ते विचारा. घाई करू नका, दोन दिवस जास्त द्या. मिळालेल्या पेनड्राइव्हची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर त्याच आठवड्यात करून ठेवा, कारण स्टुडिओवाला तुमचं मूळ चित्रीकरण जन्मभर सांभाळू शकत नाही. आणि स्टुडिओतल्या पोरांनो, यंदाच्या मंडईआधी पंखा साफ करा.